मावशीच्या गच्चीवरची काच

खरी लाज काय असते, ते मला अठ्ठाविसाव्या वर्षी कळलं. मुळशी तालुक्यातल्या मुठ्यात, माझ्या सख्ख्या मावशीच्या ओट्यावर.

मी बावधनच्या एका प्रयोगशाळेत पेरोव्हस्काइटचे सौरघट बनवते. सिझियम, शिसं आणि आयोडीन यांचा काळा थर, दोन काचांमध्ये बंद केलेला. उन्हात वीज देतो झकास, पण दमट हवा आत शिरली की पिवळा पडतो, आणि पिवळा पडला की गेला कचऱ्यात. तो टिकवायचा, हीच माझी पीएचडी. मुळशीच्या पावसाळ्यात टिकला तर कुठंही टिकेल, म्हणून अशी एक काच अनुसयामावशीच्या गच्चीवर नेऊन बसवली.

महिनाभर टिकायला हवी होती. पाचव्या दिवशी बघायला गेले, तर पिवळीधमक.

कारण मला बघताक्षणी कळलं. कडांचं सील दिव्याखाली दहा मिनिटं घट्ट होऊ द्यायचं असतं, मी चार मिनिटांत काच उचलली होती. घाई, दुसरं काय. मी खाली आले आणि नेमका माझ्या गाइडचा, साधना मॅडमचा फोन आला. त्यांनी विचारलं, कशी आहे काच? आणि माझ्या तोंडून निघालं, "खराब झाली मॅडम. मावशीचा हात लागला असणार. कड उचकटलीय."

मावशी तिथंच तांदूळ निवडत बसली होती. तिनं नुसतं वर पाहिलं.

हात लागला म्हणून खराब झालं. माझ्या आज्या-पणज्यांनी जन्मभर हेच ऐकून घेतलं. आम्ही बौद्ध झालो, शिकलो, आणि तेच बोलणं त्या घरात परत कुणी नेलं, तर घरातल्या पहिल्या पीएचडीवालीनं. जळो माझं शिक्षण.

आठ दिवसांनी मॅडम स्वतः जागा बघायला आल्या. मावशीनं चहा दिला, आणि त्यांनी काही विचारायच्या आधीच म्हणाली, "म्याडम, पोरीला बोलू नका. माजाच हात लागला काचंला."

"असू द्या हो," मॅडम म्हणाल्या. "दुसरी बसवू."

झालं, सुटले होते मी. नुसतं गप्प बसायचं होतं. पण ते काही जमेना.

"तिनं हात लावलेला नाही मॅडम," मी म्हटलं. "सील मी कच्चं ठेवलं, आणि तिच्यावर ढकललं."

मॅडमनी कप खाली ठेवला. "म्हणजे तुझं आजवरचं एकही रीडिंग आता मला डोळे मिटून मानता यायचं नाही. सगळं पहिल्यापासून कर." आणि त्या गाडीकडे निघून गेल्या.

मी मावशीजवळ बसले. मान वर करवत नव्हती. "माझ्यासाठी खोटं कशाला बोललीस गं?"

"खोटं कुटं बोलले?" मावशी म्हणाली. "लई आठवून बघितलं मी. हात लावल्याचं काय आठवंना. पन तू एवढी शिकल्याली, तू म्हनलीस म्हंजी लागलाच असंल, असं वाटलं मला. आठ दिस झालं, मी गच्चीवर पाय ठिवला न्हाई."