कार्डावरचा नंबर

मित्रांनो, मी एक जुना टेलिफोन आहे, आणि माझी गोष्ट काही मिरवण्यासारखी नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा पांढराशुभ्र होतो. आता पिवळा पडलोय. वस्तीतल्या एका दुमजली इमारतीत एचआयव्हीवरच्या लसीचं संशोधन चालतं, तिथे मला टेबलावर बसवलं. वस्तीतली धडधाकट माणसं आपणहून येऊन लस टोचून घेतात. लसीमुळे रोग होत नाही. पण लस घेतलेल्याचं रक्त बाहेर कुठे तपासलं, तर साधी चाचणी कधीकधी फसते आणि रोग आहे म्हणून सांगते. म्हणून केंद्र चालवणाऱ्या ताई प्रत्येकाला एक कार्ड देत. "असं कोणी म्हणालं, तर त्यांना या नंबरावर फोन करायला सांगा. खरं काय ते आम्ही सांगू." तो नंबर माझा! काय रुबाब होता माझा तेव्हा!

एकदा वस्तीतल्या मंडळींची बैठक चालली होती आणि मी सारखा खणखणत होतो. नोंदणीवाल्या मावशी वैतागल्या. "मेलं जरा गप्प बसेल तर शपथ!" म्हणत त्यांनी माझा आवाज पार बारीक केला आणि नंतर विसरून गेल्या. खरं सांगू? मला ते आवडलं. इतकी वर्षं ओरडून जीव नकोसा झाला होता. चार दिवस मी मजेत, घशातल्या घशात कुरकुरत राहिलो. वर पंखा घरघरत होता. कोणाला काही ऐकू गेलं नाही.

पाचव्या दिवशी लिफ्टदादा आला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, म्हणून सगळे त्याला तसंच म्हणत. त्यानेही इथे लस घेतली होती. एरवी हसतमुख माणूस, पण त्या दिवशी चेहरा उतरलेला. नव्या नोकरीसाठी त्याचं रक्त तपासलं होतं आणि चाचणी फसली होती.

"डॉक्टरांना कार्ड दाखवलं, ताई. त्यांनी तीनदा फोन लावला, कोणी उचललाच नाही. म्हणाले, सगळे असंच काहीतरी सांगतात. बायको शेजारीच बसली होती माझ्या."

"असं कसं होईल? मावशी तर इथून हलत नाहीत," ताई म्हणाल्या.

त्याने मोबाइल काढून तिथेच नंबर लावला. मी जीव तोडून वाजलो, पण बाहेर आली नुसती किरकिर. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मावशींनी कपाळावर हात मारला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"लिफ्टमधली धोक्याची घंटा मी दर महिन्याला वाजवून बघतो," तो शांतपणे म्हणाला. "आत कोणी अडकलेलं नसताना."

ताईंनी त्याची माफी मागितली. त्याला विचारून डॉक्टरांना फोन केला, त्याच्या बायकोशीही बोलल्या. बायकोला पटलं. नोकरी मात्र आदल्याच दिवशी दुसऱ्याला दिली होती.

लिफ्टदादाने खिशातून कार्ड काढलं. मला वाटलं, आता फाडतोय. पण त्याने ते परत खिशात ठेवलं. त्याच्यापाशी दुसरा नंबर होता कुठे?

आता ताई रोज सकाळी मला वाजवून बघतात. मित्रांनो, 'अडचण आली तर हाक मार' असं तुम्हीही कोणाला सांगितलं असेल. ती हाक तुम्हाला ऐकू येते ना, एवढं अधूनमधून बघत जा. लिफ्टदादा सध्या दुसरी नोकरी शोधतोय. पुन्हा कुठेतरी त्याचं रक्त तपासतील, पुन्हा तो कार्ड पुढे करेल. मी वाजेन रे, नक्की वाजेन. फक्त कोणीतरी पहिल्याच घंटेला उचला.