दोन पंचमींमधली सापसुरळी

मित्रांनो, मी एक म्हातारी सापसुरळी आहे. बडोद्याला मांजलपूरच्या एका बंगल्याच्या बागेत, तुळशीमागच्या पाल्यात राहते. माझ्या अंगावर काळे ठिपके आहेत आणि पाय इतके बारीक, की घाईत कुणाला ते दिसतच नाहीत. सारा घोटाळा त्या पायांनी केला.

माझी बहीण माझ्याबरोबरच राहत होती. वाळवी खावी, उन्हात पडावे, पावले वाजली की पाल्यात घुसावे, असे आमचे बरे चालले होते.

श्रावणात घरच्या निरुपमाबाईंनी नागपंचमी केली. पाटावर नाग काढला, दूध-लाह्या दाखवल्या. त्या दिवशी चिरणे बंद, खणणे बंद. त्यांचे यजमान संपतराव खुरपे घेऊन निघाले होते, त्यांनाही बाईंनी परत फिरवले. आम्ही निवांत होतो.

दुसऱ्या दिवशी मात्र खुरपणी निघाली. बहीण घाबरून बाहेर पळाली. "साप! साप!" बाई ओरडल्या आणि संपतरावांची काठी बसली. बहीण निपचित पडली, पण तिची तुटलेली शेपटी कितीतरी वेळ वळवळत होती. ती वळवळ मला अजून दिसते. पाला जरा हलला, की वाटते, तीच आली.

बाईंचीही झोप उडाली. पूजा करून लगेच साप मारला, आता त्याचा जोडीदार डूख धरणार, असे त्यांच्या मनाने घेतले. रोज सकाळी त्या तुळशीपाशी दुधाची वाटी ठेवू लागल्या. मी कसली दूध पिते! पण वाटीला मुंग्या लागत. बहीण मेली तीच ती जागा, तरी पोटासाठी मी जायची.

असाच पंधरवडा गेला. एके सकाळी बाईंनी मला पाहिले.

"अहो, तोच! मेलेला परत आला!"

संपतरावांनी काठी उगारली. तेवढ्यात भिंतीपलीकडून शेजारच्या रमीलाबेन ओरडल्या, "संपतभाई, लाकडी नीचे मूको! आजे नागपांचम छे!"

"आमची पंचमी कधीच झाली, बेन!"

"पण अमारी तो आजे छे ने!"

काठी हवेतच राहिली. मग संपतरावांनी ती टाकून माझ्यावर बादली पालथी घातली. गुजराती पंचमी पंधरा दिवसांनी येते, हे मला उलट्या बादलीखालच्या अंधारात कळले.

दुपारी निरुपमाबाईंची मुलगी मृदुला कॉलेजातून आली. ती प्राणिशास्त्र शिकते. बादली किंचित उचलून तिने मला निरखले, फोटो काढून आपल्या सरांना पाठवला, उत्तर वाचले.

"आई, ही डोळे मिटते बघ. सापाला पापण्या नसतात. आणि हे चार पाय. ही सापसुरळी. विष नाही, डूख नाही, काही नाही."

बाई मोकळेपणाने हसल्या. मग हसू एकदम थांबले.

"मग त्या दिवशीची?"

संपतरावांनी कोपऱ्यातल्या काठीकडे पाहिले.

"तिलाही पाय असतील," बाई म्हणाल्या. "आम्ही बघितलेच नाहीत."

मृदुलाने मला पाल्यात सोडले. वाटी बंद झाली. पण तुळशीला पाणी घालताना बाई अजून पाल्यापाशी वाकून बघतात. त्या कुणाला शोधतात, ते मला ठाऊक आहे. मीही तिलाच शोधते.

म्हणून मित्रांनो, एवढेच मागते. काठी उचलण्याआधी वाकून पाय बघा. आणि पाय दिसले नाहीत, तरी जरा थांबा. आज कुणाची तरी पंचमी असेलच.