कलश असेल त्यालाच वाट

त्या दिवशी बऱ्हाणपुरातले सगळे रस्ते बंद झाले ते माझ्या हातानं. लोक अजून चहाच्या टपरीवर मला टोमणे मारतात, म्हणून म्हटलं, आपणच एकदा सांगून टाकावं. मी दिगंबर. कचेरीत मला बडे बाबू म्हणतात. साहेब येतात, साहेब जातात, पण आदेशाचा मसुदा सत्तावीस वर्षं माझ्याच टेबलावरून निघतो. माझ्या मसुद्यात पळवाट सापडली असं कोणी म्हणून तर दाखवावं!

झालं असं की, गावात किन्नरांचं संमेलन भरलं. देशभरातून दोन-अडीच हजार जण आले. कोर्टानं त्यांना तिसरा रकाना देऊन दोन वर्षं झाली होती आणि आमच्याकडे फॉर्म मात्र जुनेच होते, स्त्री आणि पुरुष. साहेब म्हणाले, बडे बाबू, फुटपट्टीनं एक रेघ मारून घ्या. मी तीनशे फॉर्मांवर रेघा मारल्या. म्हणजे सरकारनं दिलेला न्याय बऱ्हाणपुरात माझ्या फुटपट्टीनं पोचला, असं म्हणायला हरकत नाही.

संमेलनाच्या शेवटच्या दिवशी कलशयात्रा निघणार होती. डोक्यावर कलश, बँड, घोडे, रथ, सगळं. त्यांनी अर्जात मार्ग लिहिला होता: राजघाटावरून पाणी भरून राजपुऱ्यातून गांधी चौक. तो वाचला आणि मी आधी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. त्याच दिवशी, त्याच राजपुऱ्यातल्या मंगल कार्यालयात माझ्या भाचीचं, पूर्णाचं लग्न होतं. गोरज मुहूर्त, सहा वाजून एकवीस मिनिटं.

आता लग्नाच्या दारावरून मिरवणूक गेली तर काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. बिघडतं. त्या यात्रेत पुढच्या रांगेत चालणारे कमलगुरू म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ अनंत. सोळाव्या वर्षी घरातून निघून गेला. बाबा म्हणाले, आपल्याला एकच मुलगा. तेव्हापासून कोणी विचारलं की मी सांगायचो, अनंत सुरतेला असतो, कपड्याच्या धंद्यात. बावीस वर्षं सांगितलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, दुसरं काय! नवरदेवाचे वडील नंदकुमार, नेपानगरचे, कागद कारखान्यातून रिटायर झालेले, मोठे शिस्तीचे. सोयरीक जुळताना त्यांनी विचारलं होतं, "मुलीला मामा किती?" मी छातीवर हात ठेवून म्हणालो होतो, "एकच. हा काय, समोर बसलाय."

माझी बहीण उषा तेव्हा चहाचे कप उचलत होती.  पाहुणे गेल्यावर म्हणाली, "दादा, अनंताला पत्रिका देऊ या ना."

"दे, आणि लग्न मोडून घे," मी म्हणालो. विषय संपला.

तर मी पेन उचललं आणि यात्रेचा मार्गच बदलला. राजपुरा खोडून टाकला आणि त्यांना बाहेरून शनवारा दरवाजावरून फिरवलं. कारण लिहिलं, 'जनसुविधेच्या दृष्टीने'. या दोन शब्दांत काहीही बसतं. एवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. पण हात एकदा लिहायला लागला की थांबत नाही. गावाच्या परकोटाचे, म्हणजे जुन्या तटबंदीचे, जेवढे दरवाजे, तेवढे दुपारी तीन ते रात्री नऊ बंद. वाहनं बंद, पायी बंद. आणि शेवटचं कलम, ज्याच्यावर साहेब बेहद्द खूश झाले: 'डोक्यावर कलश असलेल्या व्यक्तीसच प्रवेश राहील.' साहेब म्हणाले, "वा बडे बाबू, चिडियासुद्धा आत नाही जाणार."

लग्नाच्या दिवशी दुपारी दोनला आम्ही सगळे आत, कार्यालयात पोचलो. मी पाहुण्यांना पानसुपारी देत रुबाबात हिंडत होतो. तेवढ्यात आमच्या सौभाग्यवती, शारदा, जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "अहो, अष्टपुत्री कुठंय?"

अष्टपुत्री म्हणजे मामानं नवरीला द्यायची पिवळी साडी. ती नेसल्याशिवाय नवरी बोहल्यावर चढत नाही. आणि ती होती परकोटाबाहेर, लालबागच्या आमच्या घरी, टीव्हीवर, कोणी विसरू नये म्हणून समोर ठेवलेली.

"तुम्हाला आठवण राहत नाही, आणि गावाचा बंदोबस्त करता," शारदा म्हणाल्या.  स्कूटर काढली आणि निघालो. जाताना दरवाजे उघडेच होते. साडी घेतली, पिशवीत घातली, आणि शेजाऱ्यांनी चहाला थांबवलं. आता नाही म्हटलं तर वाईट दिसतं. इथंच घात झाला.

शनवाऱ्यावर आलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. देवा रे! निंबोल्याच्या केळीच्या ट्रॉल्या, देडतलाईची बस, रिक्षा, उंट, पाण्याचे टँकर, सगळे एकमेकांच्या अंगावर चढले होते. दुसऱ्या एका वरातीतला नवरदेव घोड्यावर बसून मोबाईलवर कोणाला तरी शिव्या देत होता. हॉर्न तर असे वाजत होते, जणू हॉर्न वाजवल्यानं दरवाजा रुंद होणार आहे.

स्कूटर एका पंक्चरवाल्याकडे टाकली आणि पायी दरवाजाशी गेलो. दोराच्या पलीकडे हवालदार लोटू उभा. ओळखीचा माणूस.

"लोटू, सोड रे, आत लग्न आहे."

"साहब, पुढं जाता नाही येणार."

"अरे, मी दिगंबर! बडे बाबू!"

"मालूम आहे ना साहब." त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "ऑर्डरमध्ये लिहिलंय, कलशवाल्यालाच सोडायचं. खाली सही साहबची आहे, पण भाषा तुमचीच आहे. आम्ही तर पहिल्या ओळीतच ओळखलं."

मी म्हणालो, मी तोंडी सूट देतो. तो म्हणाला, तोंडी चालत नाही असं तिसऱ्या कलमात तुम्हीच लिहिलंय. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. तिथून इतवारा दरवाजाला गेलो, तिथंही तेच. राजपुरा दरवाजाला गेलो, तिथला शिपाई मला ओळखतच नव्हता, त्यानं दंडुका दाखवला. घामाघूम होऊन पुन्हा शनवाऱ्याला आलो. शारदाचे सात फोन येऊन गेले होते. आठवा उचलला.

"पूर्णा साडीसाठी अडून बसलीय. भटजी घड्याळ दाखवताहेत. तुम्ही आहात कुठं?"

"दरवाजात."

"मग या ना आत!"

मी फोन खिशात टाकला.

आणि मग यात्रा आली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी बायका लेकरं पुढं करत होत्या, यांचा हात डोक्यावर लागावा म्हणून. सिग्नलवर हेच लोक यांना पाहून काच वर करतात, आणि आज फुलं उधळत होते. पुढाऱ्यांनी स्वागताच्या कमानी उभारल्या होत्या आणि कमानीवर किन्नरांचा एकही फोटो नव्हता, पुढाऱ्यांचेच अकरा. सरबत वाटणाऱ्यांनी पेले मात्र वेगळे ठेवले होते. चालायचंच. मी तरी कोण लागून गेलो शहाणपण शिकवणारा.

पहिल्या रांगेत, हिरवं लुगडं, कपाळाला मळवट, डोक्यावर तांब्याचा कलश. मी मान फिरवली. पण रक्ताची नजर, ती बरोबर शोधून काढते.

"दादा?"

बावीस वर्षांनी ऐकला तो आवाज. मी आधी आजूबाजूला पाहिलं, कोण बघतंय का. खरं सांगतो, पहिलं हेच केलं. लोटू बघत होता.

"काय झालं? इथं काहून उभा तू? आज तर पूर्णाचं लग्न ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"उषा करते ना फोन. दर राखीले. पूर्णाही बोलते." अनंतनं पिशवीकडे पाहिलं. पिवळा काठ बाहेर आला होता. "अष्टपुत्री?"

मी मान हलवली. माझ्या मागे ट्रॉलीवाला ओरडत होता, पुढं बँड वाजत होता. अनंतनं मागच्या रांगेतल्या एकीचा कलश मागून घेतला आणि माझ्यापुढं धरला. "घे दादा. डोक्यावर ठेव आणि चल माझ्याजोडी. या पलीकडच्या गल्लीतून राजपुरा पंधरा मिनिटं."

लोटूनं तर दोर वरही उचलला होता. "साहब, आता नियमात बसतं," तो म्हणाला.

पंधरा मिनिटं. फक्त पाणी भरलेला एक तांब्या. पण समोर कमानीखाली आमचे साहेब हार घेऊन उभे होते, अख्खी कचेरी उभी होती. यांच्या रांगेत, डोक्यावर कलश घेऊन बडे बाबू? उद्या कोणत्या तोंडानं टेबलावर बसू? आणि कोणी विचारलं, हा तुझा कोण, तर काय सांगू, सुरतेचा कपड्याचा धंदा? माझे हात वर गेलेच नाहीत.

"माझी मान दुखते," मी म्हणालो.

अनंत हसला नाही की रागावला नाही. कलश परत दिला. "मग साडी दे. पोरगी खोळंबली असेल."

मी पिशवी दिली. देताना, लाज वाटते सांगायला, मी म्हणालो, "दारातूनच उषाकडे दे. आत जाऊ नको. नेपानगरची माणसं आहेत."

"बरं," अनंत म्हणाला. "मी चालली." आणि खरंच रांग सोडून, कलश तसाच डोक्यावर, पिशवी छातीशी धरून गल्लीत शिरला. शिरली म्हणा. माझ्या तोंडात अजून बसत नाही.

मी दोराशी उभा. मंगल कार्यालयाचा भोंगा वाऱ्यावर तिथपर्यंत ऐकू येत होता. सहा वाजून दहा मिनिटांनी भटजींनी माईकवरून हाक दिली, "मुलीचे मामा, मुलीला घेऊन या!" माझ्या पायांनी आपोआप एक पाऊल टाकलं. दोर पोटाला लागला. दुसरी हाक आली, "मामा, लवकर! मुहूर्त जवळ आला!" उभ्या आयुष्यात मला एवढी कोणी हाक मारली नसेल, आणि मी लोटूच्या दोराला पोट टेकून उभा. तिसरी हाक आलीच नाही. मंगलाष्टकं सुरू झाली. म्हणजे नवरी बोहल्यावर आली होती. कोणीतरी तिला आणलं होतं.

आत सोडलं तेव्हा नऊ वाजून गेले होते. नियम म्हणजे नियम. कार्यालयात शेवटची पंगत उठत होती. दारात नंदकुमार पान चघळत उभे होते. मी हात जोडले, "माफ करा, उशीर झाला. मी मुलीचा मामा."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. अडचणीत पडलेल्या माणसासारखं हसले. "मामा तर येऊन गेले ना," ते म्हणाले. "दारातून परत जात होते. पूर्णाच धावत गेली, हाताला धरून म्हणाली, हे माझे मामा, यांच्याबरोबरच येईन. आमच्या घरचे आधी बावचळले. पण माझी म्हातारी आई म्हणाली, अरे, असा मामा नशिबानं मिळतो, पाया पडा. सगळे पडलो. तुम्ही आधी सांगितलं का नाही? मी मघापासून तोच विचार करतोय."

 बावीस वर्षं ज्या माणसांना भ्यायलो ती पाच मिनिटांत पाया पडून मोकळी झाली होती.

उषा आतून आली. डोळे सुजलेले, पण चेहरा असा, की लहानपणानंतर मी तिला तशी पाहिली नव्हती. तिच्या हातात ताट होतं. ताटात टॉवेल, टोपी, नारळ. मामाचा मानाचा आहेर.

"वरपक्षानं अनंताला दिला होता," ती म्हणाली. "घेतला, कपाळाला लावला, आणि परत ठेवला. म्हणाली, दादाला दे. मान त्याचा आहे, तो रस्त्यात अडकलाय."

शारदा बाजूलाच होत्या. एरवी सोडलं नसतं त्यांनी मला, पण त्या दिवशी त्यांनी उषाच्या हातातलं ताट नुसतं माझ्याकडे वळवलं. मी टोपी उचलली आणि डोक्यावर ठेवली. हलकी होती, कागदासारखी. मान अजिबात दुखली नाही.