दहा मिनिटे पुढे

ही गोष्ट २०१९ सालची. तेव्हा मी अकोल्यात, धर्मेंद्र सरांच्या क्लासच्या भिंतीवर होते. मित्रांनो, मी एक जुने, गोल घड्याळ आहे. जे सांगणार आहे, ते सांगताना मला लाज वाटते.

त्याआधी मी सरांच्या बडनेऱ्याच्या घरी होते. सरांची गाडी चुकू नये म्हणून त्यांच्या आईने, सत्यवतीबाईंनी, मला दहा मिनिटे पुढे लावले. गाडी कधीच चुकली नाही. माझे फार कौतुक झाले. म्हणून क्लास काढल्यावर सरांनी मला तसेच तिथे टांगले.

तिथे बारावीची मुले डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करत. दर रविवारी दोन ते पाच सराव परीक्षा होई. माझ्यात पाच वाजले की सर म्हणत, "घाबरता काहून? घड्याळ पुढं आहे. दहा मिनिटं आहेत अजून. गोल भरा." मुले हसत आणि उत्तरपत्रिकेवरचे गोल भरत. हळूहळू त्यांनी मला घाबरणेच सोडले.

वलगावची पायल सगळ्यांत हुशार. वडील देवराव तिला सोडायला आले, तेव्हा माझ्याखालीच उभे होते.

"एकच साल, पायल. नंबर नाई लागला तं घरी यायचं. तुया आईच्यानं एकटीनं शेवंती तोडनं होत नाई."

"लागते नंबर, बाबा. तवरिक तुमी तोडा."

"म्हंजे मीच सापडलो," देवराव म्हणाले.

पायल सारी उत्तरे प्रश्नपत्रिकेवर खुणावून ठेवी आणि गोल शेवटच्या दहा मिनिटांत भरी. मैत्रीण करिश्मा चिडवायची, "तुये गोल वरातीसाठी राखून ठेवते का वं?"

मे महिन्यात खरी परीक्षा आली. हातातले घड्याळ नेऊ देत नव्हते. पायलने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पाचला दहा कमी होते. सवयीने तिने मनातच आणखी दहा मिनिटे धरली, म्हणजे वीस, आणि अडलेले एक गणित सोडवत बसली. पण ते घड्याळ खरे बोलणारे होते. पाच मिनिटे उरल्याची घंटा झाली, तेव्हा ती दचकली. उत्तरपत्रिका काढून घेतली, तेव्हा ऐंशी गोल कोरे होते.

दुसऱ्या दिवशी क्लासला येऊन तिने हे सारे सरांना सांगितले. "सर, उत्तरं येत होती मले," शेवटी म्हणाली. मग माझ्याकडे पाहिले. मला तोंड लपवायला जागा नव्हती. सर खुर्चीवर चढले आणि त्यांनी माझे काटे मागे घेतले.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे घड्याळ पुढे असेल, तर आजच बरोबर लावा. आम्हाला खोटे बोलायला लावू नका.

सत्यवतीबाई पुढच्याच वर्षी गेल्या. त्यांना हे कुणी सांगितले नाही. करिश्मा डॉक्टर झाली. पायल ठरल्याप्रमाणे घरी गेली. दोन वर्षे तिने शेवंती तोडली, मग परिचारिकेचे शिक्षण घेतले. आता ती अमरावतीच्या दवाखान्यात नोकरी करते. मागच्या जूनमध्ये देवराव धाकट्या लेकीचे, खुशीचे, नाव क्लासात घालायला आले. सरांची मान खाली होती. देवरावांनी फीचे पैसे त्यांच्यापुढे ठेवले. मग म्हणाले, "हिले दोन सालं देतो, सर."