पान एकतीस आणि बत्तीस

रूपांतरकाराच्या घरात पुस्तकाच्या वाऱ्यालाही उभं न राहणारं माणूस एकच: त्याच्या सासूबाई. "औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी सोडली तर मी काही वाचत नाही," असं त्या अभिमानाने सांगत. याच गुणावर त्यांची नेमणूक झाली होती.

सात खंडांची, ड्रॅगन आणि राजघराण्यांनी ठासून भरलेली कादंबरी. तिच्या प्रत्येक खंडाचं नवख्या वाचकांसाठी शहाण्णव पानांचं कॉमिक करायचं. प्रकाशनाचा नियम असा, की मूळ कादंबरी न वाचलेल्या माणसाने कच्ची पानं वाचायची आणि जिथे कळणार नाही तिथे लाल गोल काढायचा. पहिल्या खंडावर एक्केचाळीस गोल आले, दुसऱ्यावर छत्तीस. "तिसऱ्यात दहाच्या वर गेले तर मालिका दुसऱ्या कुणाला तरी," संपादिका म्हणाल्या. "मनाला लावून घेऊ नका." तो ते रीतसर मनाला लावून घरी आला.

तिसऱ्या खंडावर सासूबाईंनी एकही गोल काढला नाही.

दोन दिवस तो हवेत होता. तिसऱ्या दिवशी टेबल आवरताना फाइलखाली पान एकतीस आणि बत्तीस सापडली. मरणाऱ्या राजाने मुकुट मुलाला न देता शत्रूच्या मुलीला दिला, तो प्रसंग. गठ्ठ्यात ही पानं गेलीच नव्हती. म्हणजे पान तीसवर राजा खोकत होता, तेहेतिसावर एक परकी मुलगी सिंहासनावरून हुकूम सोडत होती, आणि सासूबाईंना त्यात काहीच खटकलं नव्हतं.

"आई, ही मुलगी कोण?"

"कोण म्हणजे? त्या बंडखोर सरदाराची. लहानपणी ओलीस ठेवलेली नाही का?"

ओलीस प्रकरण कॉमिकमध्ये कुठेच नव्हतं. जागा पुरेना म्हणून त्यानेच ते पहिल्या खंडात कापलं होतं. सासूबाईंची नजर शिलाई मशीनकडे गेली. त्याने झाकण उचललं. आत मूळ कादंबरीचा चौथा खंड होता, खुणेला औषधाची चिठ्ठी.

"कधीपासून?"

"तुम्ही राणीला एका चौकटीत मारलंत ना, तेव्हापासून. म्हटलं, एवढी बोलकी बाई, मरताना काहीतरी बोलली असेलच. म्हणून तुमच्या कपाटातून काढून बघितलं."

"मग?"

"अकरा पानं बोलते, जावईबापू."

'चित्रांतून मूळ कादंबरीकडे' हे मालिकेचं घोषवाक्य प्रत्येक मुखपृष्ठावर होतं. तसा वळलेला पहिला वाचक त्याच्या घरातच निघाला आणि त्याच क्षणी परीक्षक म्हणून बाद झाला.

दुसऱ्या दिवशी त्याने संपादिकांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी कपाळाला हात लावला.

"आता न वाचलेलं माणूस कुठून आणू? ऑफिसात सगळे या कादंबरीवर वाढलेत." मग त्या जरा घुटमळल्या. "पानं ठेवा इथे. मी बघते. जाताना दार लावून घ्या."

दार लावताना त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. मालिकेचे हक्क भांडून मिळवणाऱ्या, कादंबरीवर तासभर भाषण ठोकणाऱ्या बाईंनी तिचं पहिलं पानही उलटलं नव्हतं.

तासाभराने गठ्ठा परत आला. एकही गोल नाही.

"स्वच्छ आहे. छपाईला द्या."

मान डोलावता डोलावता त्याला आठवलं, पान एकतीस आणि बत्तीस अजून आपल्या बॅगेतच आहेत.

"मॅडम, ती मुलगी गादीवर कशी आली, ते कळलं ना?"

"अहो," संपादिका गंभीरपणे म्हणाल्या, "तेच तर या कादंबरीचं सौंदर्य आहे."

त्याने बाहेर येऊन दोन्ही पानं गुपचूप जागेवर लावली आणि गठ्ठा छपाईला धाडला.

"पास?" सासूबाईंनी दारातच विचारलं.

"पास."

"चला, सुटलात. आता चौथ्यात तो धाकटा राजपुत्र मरतो. किती चौकटी देणार?"

"दोन."

सासूबाईंनी मशीनच्या खणातून लाल पेन्सिल काढली, त्याची वही ओढून घेतली आणि कोऱ्या पानावर एक ठसठशीत गोल काढला.