अडकलेली लिफ्ट

लिफ्ट दुरुस्त करण्यात बाबांचा जन्म गेला होता. निवृत्त झाल्यावरही लेकीच्या पहिल्या एकटीच्या कामावर ते तिच्यामागोमाग आलेच. मधे तोंड घालणार नाही, एवढं कबूल करून.

दोन मजल्यांच्या मधे लिफ्ट अडकली होती आणि आत एक बाई होत्या. लेक तडक वर मशीनच्या खोलीत धावली. बाबा जिन्यात उभे राहिले. त्यांनी कठडा घट्ट धरला होता. तेवढ्यात आतून दारावर धडाधड हात आपटायला लागले.

"मी दार ओढून बाहेर उडी मारते!" बाई ओरडल्या.

बाबांना राहवलं नाही. "ताई, दाराला हात लावू नका! लिफ्ट पडणार नाही. माझी मुलगी वर काम करतेय. घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"कोणी नाही. एक मांजर आहे."

"खोडकर आहे का हो?"

मांजरीच्या तक्रारी सांगता सांगता बाईंचा श्वास जागेवर आला. लिफ्ट हळूहळू खाली सरकली आणि दार उघडलं.

लेक खाली आली ती चिडूनच; बाबांचा आवाज तिला वरपर्यंत ऐकू आला होता. "बाबा, काय ठरलं होतं आपलं?" मग तिला दिसलं, बाबांनी कठडा अजून सोडला नव्हता. "तुम्ही घाबरलात?"

"दर वेळी घाबरायचो. पण आधी आतल्या माणसाशी बोलावं, बाळा. मशीन कुठे पळून जात नाही. हे कळायला मलाही फार वर्षं लागली."

लेक भिंतीला टेकून उभ्या असलेल्या बाईंकडे जाऊन म्हणाली, "चला, तुम्हाला घरापर्यंत सोडते. जिन्यानेच जाऊ."