सरकती गाठ

ताईने आपल्या उजव्या बाजूची गाठ सगळ्यात आधी डॉक्टरला नाही, धाकट्या बहिणीला दाखवली. आणि त्यात तिचं काय चुकलं? धाकटी नऊ वर्षं पॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत नोकरीला होती. माणसांच्या अंगातून काढलेल्या गाठी मेणात बसवायच्या, केसाहून पातळ काप काढायचे, रंगवून काचेवर चढवायचे, हे तिचं रोजचं काम. घरात तिचा शब्द शेवटचा. कुणाच्या मानेवर साधा मस उठला तरी, "आधी बारकीला दाखव, मग बघू."

तेव्हा ताईचं बाळ तीन महिन्यांचं होतं. ताई भिंतीला टेकून त्याला डावीकडे पाजत होती आणि धाकटी दोन बोटांनी उजवीकडे चाचपत होती. वाटाण्याहून जराशी मोठी गाठ. बोटाखालून निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली.

"सरकते," धाकटी म्हणाली. "साधी आहे गं. वाईट गाठ अशी पळत नाही, ती जागा धरून बसते. दुधाची असेल. तुझं पाजणं थांबलं की जिरेल आपोआप."

"नक्की ना?"

"मग नऊ वर्षं मी तिथे काय भाजी चिरते?"

दोघी एवढ्या खिदळल्या की बाळ तोंड सोडून, दूध हनुवटीवर घेऊन, त्यांच्याकडे बघत राहिलं.

धाकटीच्या बोटांना गाठी माहीत होत्या, पण अंगातून बाहेर काढलेल्या, बाटलीतल्या औषधी पाण्यात मुरून कडक झालेल्या. जिवंत बाईच्या अंगातली गाठ तिने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा चाचपली होती. हे तिच्या ध्यानातसुद्धा आलं नाही.

मग दिवस कसे गेले ते बाळ असलेल्या घरात कुणाला कळतं? बाळ पालथं पडलं, रांगलं, दोन दात आले. दहाव्या महिन्यात ते उजवीकडे तोंड लावेना. लावलं की मान फिरवायचं. "नखरे बघ मेल्याचे," असं म्हणत ताईने महिनाभर डावीकडेच पाजलं. मग एकदा आंघोळ करताना तिचा हात गाठीवर थांबला. गाठ आता हलत नव्हती. सर्जन म्हणाले, बहुतेक साधीच असेल, पण काढून तपासून घेऊ.

काढलेल्या गाठीची बाटली धाकटीच्याच टेबलावर आली. वरच्या चिठ्ठीवर ताईचं सासरचं आडनाव होतं, त्यामुळे कुणाला काही कळण्याचा प्रश्नच नव्हता. आपल्या घरच्या माणसाचं सॅम्पल आपण हाताळायचं नाही, असा तिथला नियम. एरवी नवख्यांना तो धाकटीच शिकवायची. त्या दिवशी तिने तो नुसतं गप्प राहून मोडला. साधीच निघणार आहे, मग कशाला गाजावाजा, असं तिने स्वतःला समजावलं. पेन उघडलं आणि गाठी तपासणाऱ्या डॉक्टर मॅडमच्या शेजारी उभी राहिली.

मॅडम गाठ कापायच्या आणि बघत बघत सांगायच्या. धाकटी लिहून घ्यायची. वर्षानुवर्षं हेच.

"लिही. साडेतीन सेंटिमीटर." मॅडमनी गाठ हातात फिरवली. "भोवती आवरण नाही. कडा वेड्यावाकड्या."

धाकटीने लिहिलं.

सुरी खाली गेली. साधी गाठ कापताना आवाज होत नाही, रबरासारखी गपकन दुभंगते. ही करकरली, कच्चा पेरू कापावा तशी. मॅडमच्या आधी धाकटीने मान वर केली.

"कापताना करकर. आतून पांढरट. बाजूच्या चरबीत पट्टे शिरलेत." मॅडमनी सुरी ठेवली. "किती दिवसांपासून आहे म्हणे?"

चिठ्ठी समोरच होती. "आठ महिने."

"आठ महिने! तान्हं बाळ आहे ना बाईला? आणि आठ महिने नुसत्या बसून राहिल्या? त्या घरात डोकं असलेलं एकही माणूस नव्हतं का गं?"

"होतं, मॅडम," धाकटी म्हणाली. "मी होते."

मॅडमनी हातमोजे काढले. चिठ्ठीवरचं नाव वाचलं, मग धाकटीचा चेहरा वाचला. पेन तिच्या हातातून हळूच काढून घेतलं. "पुढचं मी दुसऱ्या कुणाला सांगते. तू बस."

दुसऱ्या दिवशी दुपारी स्लाइड तयार झाली. मॅडमनी तिला सूक्ष्मदर्शकाशी आपल्या शेजारी बसवलं. दोघींना एकदम बघता येईल असं ते यंत्र होतं.

"साधी गाठ म्हणजे आगाऊ पाहुणा," मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या. "जागा अडवतो, भिंतींना रेटतो, पण आपली खोली सोडत नाही. इथे बघ."

इथे खोलीच उरली नव्हती. जांभळ्या पेशी वेड्यावाकड्या रांगा करून चरबीत घुसल्या होत्या. एका बारीक नळीत त्यांचा पुंजका जाऊन बसला होता, म्हणजे त्या अंगभर पसरायच्या रस्त्याला लागल्या होत्या.

"ती तेव्हा खरंच सरकत होती, मॅडम. देवाशप्पथ."

"सरकत असेल ना. सुरुवातीला काही वाईट गाठीही सरकतात. म्हणून तर आपण बोटांच्या भरवशावर रिपोर्ट लिहीत नाही."

त्यांनी ते मायेनेच म्हटलं होतं. धाकटीला वाटलं, त्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी ती ताईकडे गेली. दार उघडंच होतं. बाळ मांडीवर, डावीकडे, अर्धवट झोपेत चुटूचुटू पीत होतं.

"रिपोर्ट उद्या आहे ना?" ताई म्हणाली, आणि मग तिच्याकडे नीट बघून, "नको सांगूस. तुझ्या तोंडावरच छापलाय."

धाकटी खाली बसली.

"वाईट?"

"हो."

ताईने बाळाच्या गालावरून बोट फिरवलं. "मग आता हे चालेल का? डावीकडचं?"

"आज चालेल. औषधं सुरू झाली की बंद करावं लागेल."

"म्हणजे कधी?"

"आठवड्यात. फार तर दोन."

ताई मान हलवत राहिली, मग एकदम फुटली. "आठ महिने गं! हा रांगायला लागला तितक्या दिवसांत! रात्री हाताला लागायची, भीती वाटायची, की म्हणायचे, बारकी म्हणालीय ना, मग झालं. तुझ्या एका शब्दावर झोपायचे गं मी!"

फोन वाजला. आईचा.

ताईने नाक पुसलं. "ऐक. तुला दाखवल्याचं तिला सांगायचं नाही. मीच लपवली म्हणू. एकीसाठी रडायचंय तिला, तेवढं पुरे. दोघींसाठी कशाला?" आणि फोन उचलून, अगदी ठणठणीत आवाजात, "हं, बोल आई. हो, वाईटच निघाली. अगं चूक माझीच, मी कुणाला बोललेच नाही..."

धाकटीने फोन तिच्या हातातून घेतला. ताईने मनगट धरून ओढलं, पण मांडीवर बाळ होतं, तिला उठता येईना.

"आई, तिने दाखवली होती. पहिल्याच दिवशी. मला."

मग आईने विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"

धाकटी सांगू लागली.